पेंटिंगचं पझल, टेबलापासून भिंतीपर्यंत

फोटोचं जिगसॉ पझल आणि पेंटिंगचं पझल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'चे १००० तुकडे टेबलावर ओतले तेव्हा कळलं. मी आपली सवयीने रंगाचे ढीग करत बसले आणि तासाभराने बघते तर निळ्याचा एक डोंगर आणि बाजूला पिवळ्याची जेमतेम वाटीभर. म्हणजे काहीच झालं नव्हतं.

सुरुवात कडांपासूनच करायची. हजारच्या पझलमध्ये साधारण १२६ काठाचे तुकडे असतात (४० गुणिले २५ ची मांडणी असो की ३८ गुणिले २७ ची, हिशोब तेवढाच येतो), म्हणून मोजून घ्या, दोन-चार कमी भरले तर ते डोंगरात लपलेत असं समजा. आणि हो, थेट टेबलावर लावू नका. प्लायवूड किंवा जाड फोमबोर्ड घ्या, पझल अंदाजे ७० बाय ५० सेंमी होतं, त्याहून चारी बाजूंनी हातभर नको पण वीतभर तरी मोठा.

आता आतला भाग. इथे रंग विसरा आणि ब्रशचे फटकारे बघा. या चित्रात आकाशातले फटकारे ताऱ्यांभोवती गोल फिरतात, सरूच्या झाडाचे ज्वाळेसारखे वर जातात, गावातल्या घरांचे आखूड आणि सरळ आहेत. एक तुकडा हातात घेऊन तिरका धरा, रेघा कुठे वळतायत ते बघा, म्हणजे तो ताऱ्याजवळचा की टेकडीचा हे निम्म्या वेळा तरी कळतं. चित्र ज्या म्युझियममध्ये आहे त्याच्या साइटवर मोठा फोटो बहुतेक मिळतो (हे चित्र न्यूयॉर्कच्या मोमा म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे), तो झूम करून शेजारी ठेवा, डब्यावरच्या छोट्या चित्रात फटकारे दिसतच नाहीत. फक्त एक लक्षात असू द्या, मूळ चित्र साधारण ७४ बाय ९२ सेंमी आहे, पझलचा आकार त्याहून लांबट, त्यामुळे बऱ्याचदा वरखालचा भाग कापलेला असतो आणि काठाचे तुकडे त्या फोटोशी जुळत नाहीत.

फटकारेच नाहीत असं चित्र असलं, उदाहरणार्थ व्हर्मीरच्या मोत्याच्या कानातल्यावाल्या मुलीची ती काळी पार्श्वभूमी, तर मग आकारावर या. दोन खाचा-दोन टोकं, तीन टोकं, चारी खाचा, असे ढीग करा आणि एकेक लावून बघा. कंटाळवाणं आहे, इलाज नाही. काळ्या भागात चुकीचा तुकडाही बेमालूम बसतो, तो ओळखायला बॅटरी बाजूने आडवी मारा, नीट न बसलेल्या जोडावर सावली पडते.

शेवटी एक तुकडा कमी पडतोच. डब्याच्या घड्या, व्हॅक्यूमची पिशवी आणि स्वतःचा स्वेटर आधी तपासा, माझा कोपराला चिकटून दुसऱ्या खोलीत गेला होता.

चिकटवताना बहुतेक जण वरून गोंद फासतात. मला ते पटत नाही, वरून चकाकी येते आणि पेंटिंगचं कॅलेंडर होतं. मी मागून चिकटवते. पझलवर बटर पेपर, त्यावर दुसरा बोर्ड, दोन्ही बोर्ड क्लिपांनी घट्ट दाबायचे आणि एका दमात उलटं करायचं, दोघं असाल तर बरं. मग पांढरा पीव्हीए गोंद (फेविकॉलसारखा) जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून बाहेरच्या दिशेने ओढायचा, अगदी पातळ. पहिल्या वेळी मी सढळ हाताने ओतला, पुठ्ठ्याने पाणी प्यायलं आणि सकाळी पझल पापडासारखं वाकलेलं. आता पातळ थर, बटर पेपर, वर पुस्तकं आणि रात्रभर हात लावायचा नाही. वरूनच लावायचा असेल तर मॅट, म्हणजे न चकाकणारा गोंद घ्या आणि खाली बटर पेपर हवाच, नाहीतर पझल टेबलाचंच होतं.

फ्रेमचं माप वाळल्यावरच घ्या, डब्यावरचं नको. चारी बाजू वेगवेगळ्या मोजा, दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो, आणि आतलं माप तेवढंच जास्त ठेवा. फ्रेमची खोली लोक विसरतात. काच २, पझल २, मागचा फोमबोर्ड ५, पाठीची फळी ३, म्हणजे १२ मिमी झालेच, त्यात काच पझलला टेकू नये म्हणून माउंट (चित्राभोवतीची जाड कागदी चौकट) किंवा बारीक पट्टी घालायची, कारण टेकली की दमट हवेत चिकटते. काचेऐवजी ॲक्रिलिक हलकं पडतं पण ओरखडे उठतात, आणि पुसताना त्यावर स्थिर वीज साठते, एखादा सैल तुकडा असेल तर तो वर खेचला जाऊ शकतो, म्हणून आधी बोटाने सगळीकडे दाबून बघा.

टांगताना समोर ऊन येणारी भिंत नको, छापील रंग उन्हाने लवकर उडतात. आणि खिळे दोन, एका खिळ्यावर एवढी रुंद फ्रेम रोज थोडी थोडी तिरकी होते.