समीक्षकाची वही

चित्रपटसमीक्षेकडे वळू पाहणारे बहुतेक तरुण मतापासून सुरुवात करतात. पण मत तिकीट काढलेल्या प्रत्येकाकडे असतेच. समीक्षकाला मानधन मिळते ते पडद्यावर नेमके काय घडले आणि त्याचा परिणाम कशामुळे झाला, हे सांगता येण्याबद्दल.

म्हणून पहिली सवय लावून घ्यावी ती अंधारात टिपणे काढण्याची. खिशात मावेल अशी वही घ्यावी, मोबाइलचा उजेड पाडू नये, ओळी एकमेकींवर चढू नयेत म्हणून डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवून लिहावे आणि मध्यंतरात, स्वतःचे अक्षर स्वतःला लागते आहे तोवर, टिपण दुरुस्त करून घ्यावे. कॅमेरा कुठे होता, आवाज कोठून आला, दृश्य कशावर संपले एवढेच त्यात असावे. माझ्या सुरुवातीच्या एका परीक्षणात ‘छायांकन अप्रतिम’ असे लिहिले होते. उपसंपादकांनी त्याखाली लाल शाईने ‘म्हणजे काय?’ असे लिहून कागद परत केला. वही उघडून मी ते वाक्य बदलले: ‘म्हातारा घर विकायला होकार देतो तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे पाहत नाही; भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जागी उरलेल्या पांढुरक्या चौकोनावर तो थांबतो.’ हे छापले गेले.

शिक्षणासाठी पुण्यासारखी जागा नाही. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी चित्रपट रसास्वादाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम अनेक वर्षे चालवले आहेत. ते जमले नाही, तर फिल्म सोसायटीचे, म्हणजे सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हावे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून आहे, पुण्यात ‘आशय’ फिल्म क्लब आहे. तेथे एकाच दिग्दर्शकाचे चित्रपट ओळीने पाहायला मिळाले, की त्याच्या सवयी आणि त्याची बदलत गेलेली नजर यांतला फरक कळू लागतो. पुण्याचा बहुधा जानेवारीत भरणारा चित्रपट महोत्सव आणि २००४पासून गोव्यात भरणारा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चुकवू नयेत. मात्र दिवसाला पाच चित्रपट पाहण्याची चढाओढ करू नये, कारण पाचव्याच्या वेळी पहिल्याचा शेवट आठवत नाही.

लिहिताना कथानकाला एक चतुर्थांशाहून अधिक जागा देऊ नये आणि मध्यंतरानंतरचे रहस्य फोडू नये. तारांकन मागितले असेल तर ते मजकूर पूर्ण झाल्यावर द्यावे; आधी दिले तर मजकूर ताऱ्यांची वकिली करू लागतो. ज्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी पैसे घेऊन लिहिले असेल त्याचे परीक्षण करू नये, आणि श्रेयनामावलीत मित्राचे नाव असेल तर काम सहकाऱ्याकडे द्यावे. पत्रकारांसाठीच्या खेळानंतरच्या चहाला थांबायला हरकत नाही. तेथे आपले मत मात्र सांगू नये, कारण सांगितलेले मत घरी येऊन बदलणे जड जाते.

केवळ परीक्षणांवर घर चालत नाही. बहुतेक जण वृत्तपत्राच्या डेस्कवरची नोकरी, मुलाखती, अनुवाद किंवा अध्यापन यांच्या जोडीने हे करतात, म्हणून नाटक, संगीत आणि चित्रकला यांवरही लिहिता आले पाहिजे. नाटकावर लिहिताना कितवा प्रयोग आणि कोणते नाट्यगृह हे नोंदवावे, कारण शुभारंभाचा आणि पंचविसावा प्रयोग सहसा सारखा नसतो.

नव्याने लिहिणाऱ्याने शुक्रवारच्या मोठ्या चित्रपटाचे परीक्षण संपादकांकडे पाठवू नये; ते काम त्यांच्याकडचे कोणी आधीच करत असते. त्याऐवजी आपल्या जिल्ह्यातली राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, बंद पडलेले एकपडदा चित्रपटगृह किंवा महोत्सवातला दुर्लक्षित चित्रपट असा विषय दीडशे शब्दांत मांडून पाठवावा. होकार आला की शब्दमर्यादा, मुदत आणि मानधनाची रक्कम त्याच उत्तरात विचारून घ्यावी. लेख छापून आल्यावर हा प्रश्न विचारणे दोघांनाही अवघड होते.