जुन्या लॅपटॉपसाठी जुळणारी रॅम कशी निवडावी

रॅम वाढवायची म्हटले की आपण आधी किती जीबी घ्यायची ते ठरवतो, पण तो प्रश्न खरे तर शेवटचा आहे. आधी मशीनमध्ये आज काय बसवलेले आहे ते पाहावे.

विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समधील मेमरी या भागात रॅमचा वेग व वापरात असलेले स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) पाहावेत. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते; तिथे वेगळा स्लॉट नसेल तर रॅम वाढवता येत नाही.

त्यानंतर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून आणि शक्य असल्यास बॅटरीची जोडणी सोडवून मागचे झाकण उघडावे आणि जुन्या रॅमवरचे लेबल नीट वाचावे. ‘८ जीबी १आर×८ पीसी४-३२००एए’ असे लिहिले असेल, तर ती ८ जीबीची, डीडीआर४ पिढीची, ३२०० वेगाची रॅम आहे. दुकानात याच वेगाच्या रॅमवर ‘पीसी४-२५६००’ असेही छापलेले दिसते. ३२०० ला ८ ने गुणले की तोच आकडा येतो, त्यामुळे गोंधळून जाऊ नये.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असल्याने चुकीच्या पिढीची रॅम बसतच नाही, आणि ती जोर लावून बसवू नये. खरी फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत. दोन्हींची खाच एकाच जागी असते, पण पहिली १.५ व्होल्टवर आणि दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या अनेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच रॅम लागते, आणि १.५ व्होल्टची बसवल्यास मशीन सुरूच होत नाही, म्हणून हे एक अक्षर डोळ्यांत तेल घालून तपासावे.

वेगाची फारशी चिंता नको, कारण दोन वेगांच्या रॅम एकत्र बसवल्या तर सहसा दोन्ही कमी वेगाने चालतात. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती घरगुती मशीनमध्ये चालत नाही.

क्षमतेची कमाल मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. त्या मर्यादेत राहून दोन्ही स्लॉटमध्ये सारख्या क्षमतेची रॅम घेतल्यास ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही रॅम एकाच वेळी वापरण्याच्या सोयीचा, पूर्ण लाभ मिळतो. रॅम बसवल्यावर विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवावे, आणि तेही दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी.