मराठा शिपायांची पदकं जमवायची असतील तर

पदकं जमवायला निघालेले बहुतेक नवे लोक दिसेल ते घेत सुटतात. माझा सल्ला उलटा आहे: एक युद्ध धरा, शक्यतो एकच रेजिमेंट धरा. मी पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणी धरल्या, म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. हे आकडे पाठ हवेत, कारण १९२२च्या फेररचनेत ते जाऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री आली. महायुद्धाच्या पदकावर नवं नाव दिसलं, तर आधी चौकशी, मग खरेदी.

पदक हातात आलं की नजर राजाच्या मुखवट्याकडे जाते. ती कडेकडे न्या. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथे असते (१९१४-१५चा तारा, म्हणजे युद्धाच्या त्या पहिल्या काळात लढलेल्यांना मिळालेलं ताऱ्याच्या आकाराचं पदक, त्यावर मागच्या बाजूला). शिंदे, पवार, जाधव एकेका पलटणीत ढिगाने, आणि इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानाप्रमाणे बदलणारं. माणूस ओळखायचा तो नंबरावरून. म्हणून नंबर पुसट झालेलं पदक कितीही देखणं असो, मी सोडून देतो.

नाव घासून दुसरं घातलं असेल तर कड तिथे पातळ होते. ब्रिटिश वॉर मेडल, म्हणजे या महायुद्धातल्या सेवेचं गोल पदक, त्याचा व्यास ३६ मिलिमीटर. व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या कॅलिपरने) चार-पाच ठिकाणी मोजा, फरक लगेच कळतो. ओतीव नक्कल थंड होताना आकसते, त्यामुळे किंचित लहान भरते, बारीक खड्डे दिसतात, राजाच्या केसांच्या रेघा बोथट होतात. फीत नवी असली म्हणून पदक खोटं ठरत नाही. फिती झिजायच्या, बदलल्या जायच्या.

व्हिक्टरी मेडल, म्हणजे महायुद्धातल्या विजयाचं पदक, एकटं कधीच दिलं गेलं नाही, सोबत वॉर मेडल असायचंच. नोव्हेंबर १९१४मध्ये ११७ मराठा पलटण इराकच्या दक्षिण टोकाला फाओला उतरली. त्या शिपायांना ताराही मिळाला. अशा माणसाचं एकटं व्हिक्टरी मेडल बाजारात आलं, तर तिन्ही पदकांची फारकत झाली आहे एवढं नक्की. वॉर मेडल चांदीचं. १९८०मध्ये चांदी भडकली तेव्हा कितीतरी वितळली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून एकत्र राहिलेली तीन पदकं विक्रेत्याला सुटी करू देऊ नका.

काशाचं वॉर मेडल पाहून नवखे ‘नकली’ म्हणतात. ते खेचर हाकणाऱ्यांना, हमालांना, लेबर कोअरच्या, म्हणजे मजूर पलटणींच्या, माणसांना मिळालं. लढाई त्यांच्याही पाठीवर चालली होती. मी ती आवर्जून घेतो.

चिंच-मीठ लावून घासू नका. कडेची अक्षरं आणि काळाचा थर दोन्ही जातात. शंभर वर्षांवरची पदकं १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरतात: ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो. तो पाहायला मागा.