बूट-मोजे काढून दाखवा

ऑस्ट्रेलियाहून सुट्टीवर कोल्हापूरला आलोय. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसतं, पोराला नाहीतर लेकीला ब्रिस्बेन-मेलबर्नला जायचंय म्हणून. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले: कुकर तिथं मिळतो का, कांदा-लसूण मसाला किती न्यायचा. कुकर मिळतो. मसाला बंद पाकिटातला न्या आणि विमानतळावर विचारतील तेव्हा खरं सांगा. उन्हाचं मात्र कुणीच विचारत नाही.

“आम्हाला काय ऊन नवीन आहे?” जाताना मीही असंच म्हटलं होतं. आणि खरंच, कोल्हापूरचं ऊन काही लेचंपेचं नाही. एप्रिल-मेच्या दुपारी इथलाही युव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, ११ च्या वर जातो. पण उसाच्या फडातली बाई बघा: लुगड्यावर नवऱ्याचा पुऱ्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट पदर. तिला कुणी शिकवायला लागलं नाही. तिकडं ऊन पडलं की लोक कपडे कमी करून समुद्रावर पळतात, आणि आपणही त्यांच्या मागं.

माझं पहिलं शहाणपण ब्रिस्बेनच्या क्रिकेट मैदानावर उतरलं. ऑक्टोबर, आभाळ भरलेलं, गार वारा, घामाचा थेंब नाही. दिवसभर डीप मिडविकेटला उभा. रात्री उशीला कान टेकवेना. चौथ्या दिवशी दोन्ही कानांच्या पाळ्यांची साल निघाली. बायको म्हणाली, वांगं भाजल्यावर सोलतंय तसं. उकाडा वेगळा आणि अतिनील किरणं वेगळी, हे तेव्हा कळलं. त्यामुळं तिकडं तापमान बघून टोपी ठरवू नका. फोनवर हा इंडेक्स दाखवणारं सनस्मार्ट ॲप घ्या. इंडेक्स ३ किंवा वर असला की पुऱ्या बाह्या, गॉगल, आणि कान-मान झाकणारी चौफेर काठाची टोपी. क्रिकेटची टोपी त्यात धरायची नाही. सुती शर्ट इथूनच, गांधीनगरातून न्या.

सनस्क्रीन बाहेर पडायच्या २० मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी परत. एका हाताला चहाचा एक चमचा, एका पायाला एक. साऱ्या अंगाला सात चमचे, म्हणजे ३५ मिली. आपण लावतो हळदीच्या बोटाएवढं.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडं पुरुषानं तोंडाला काही लावलं की कट्ट्यावर विचारलंच, “गोरा व्हायचंय व्हय रं?” तिकडं १९८१ मध्ये टोपीवाला समुद्रपक्षी टीव्हीवर नाचवून त्यांनी लोकांना शिकवलं: शर्ट चढवा, मलम थापा, टोपी घाला. कारण तिथं तीनातल्या दोघांना सत्तरीच्या आत कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग निघतो. शाळेत टोपी विसरलेल्या पोराला मैदानावर सोडत नाहीत. पहिल्या आठवड्यात तुमचं पोरगं व्हरांड्यात बसलेलं दिसलं तर भांडायला जाऊ नका.

साइटवर, शेतात, छतावर काम धरलंत तर सावली, टोपी, सनस्क्रीन बिनदिक्कत मागा. उन्हाचा धोका कमी करणं मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. मागणारा तिथं नाजूक ठरत नाही.

आता आपल्या रंगाचं. सावळ्या कातडीला मेलॅनिनचं, म्हणजे तिच्यातल्या रंगद्रव्याचं, संरक्षण असतं, गोऱ्यांपेक्षा आपला धोका बराच कमी. उगाच धास्ती घेऊन घरात कोंडून बसू नका. आपल्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागतं, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पण आपल्यात मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, झाला तर तो पुष्कळदा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही, आणि तिथं कुणी बघत नाही म्हणून तो उशिरा सापडतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले ३६ व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्यातल्या अशाच कर्करोगानं.

माझ्या अंगठ्याच्या नखाखाली चार महिने काळा डाग होता. एका डॉक्टरांनी पाठ बघितली, चेहरा बघितला आणि हसून म्हणाले, तुझ्या रंगाला काळजी नाही. मी “थँक यू” म्हणून बाहेर. डॉक्टरांना कसं सांगायचं, हा आपला संकोच! बायकोनं दुसरीकडं धाडलं. तिथं खुर्चीवर बसताच मी स्वतः बूट-मोजे काढले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं: बुटानं साकळलेलं रक्त होतं, नखाबरोबर पुढं सरकत निघून गेलं. आपल्यातल्या पुष्कळांच्या नखांवर काळ्या रेघा तशाही असतात. पण एकाच नखावर नवी आलेली, रुंद होणारी, कडेच्या कातडीत उतरणारी रेघ दाखवायचीच. वाक्य पाठ करून जा: “प्लीज चेक माय फीट अँड नेल्स टू.”

काल एक पोरगा निघताना दारात कोल्हापुरी पायात सरकवत होता. थांबला, पाय उलटा केला. तळव्यावर मोहरीएवढा तीळ. “हा लहानपणापासून आहे, काका.”

म्हटलं, शेजारी रुपया ठेवून फोटो काढ, आणि फोन बदललास तरी तो पुसू नकोस.