अमेरिकन नेत्यावर कट्ट्यावर बोलायचंय? श्री ठाणेदारांचं उदाहरण घेऊन सांगतो

ठाण्यात आता कट्टे इतके झालेत की कोणाला ना कोणाला दर महिन्याला वक्ता लागतोच, आणि अमेरिकेत निवडणूक असली की हमखास फर्माईश येते की एखाद्या अमेरिकन नेत्यावर वीस मिनिटं बोला. मग आपला माणूस काय करतो, तर विकिपीडिया उघडतो, जन्म शिक्षण लग्न पदं सगळं क्रमाने वाचून दाखवतो, आणि आठव्या मिनिटाला मागच्या रांगेतले काका उठून जातात. हे टाळता येतं.

पहिली गोष्ट म्हणजे नेता निवडताना लिंकन, केनेडी, ओबामा नको. सगळ्यांनी ऐकलेत. त्यापेक्षा श्री ठाणेदार घ्या. नावावरून हॉलमध्ये आपोआप एक हशा मिळतो (पण सांगून टाका की ते ठाण्याचे नाहीत, जन्म १९५५ चा, चिकोडीचा, वाढले बेळगावात, घरी परिस्थिती बेताची). मराठी घरातला माणूस, मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्रीत एमएस्सी, १९७९ ला अमेरिकेत, १९८२ ला ॲक्रन विद्यापीठाची पीएचडी, आणि आज मिशिगन राज्याच्या १३ व्या डिस्ट्रिक्टमधून (म्हणजे मतदारसंघातून) अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत. त्यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलंय, बऱ्याच जणांनी वाचलेलंही असतं, पण एक लक्षात घ्या, ते राजकारणात यायच्या खूप आधीचं आहे, कंपनी बुडायच्याही आधीचं, त्यामुळे फक्त त्याच्यावर भाषण उभं केलंत तर अर्धी गोष्ट राहते, आणि माझ्या मते चांगली अर्धी.

आता तयारी. एक कागद घ्या आणि फक्त दोन प्रकारच्या नोंदी करा, कुठल्या साली कुठली निवडणूक लढवली आणि त्यात काय झालं. बाकी काही नको. पुरस्कार नकोत, छंद नकोत. ठाणेदारांचा कागद असा होतो, २०१८ गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं आधीचं मतदान), हरले. २०२० स्टेट हाऊस, जिंकले. २०२२ काँग्रेस, जिंकले. २०२४ परत जिंकले. एवढ्यावर वीस मिनिटं सहज निघतात, कसं ते सांगतो.

पदं समजावताना सोपं ठेवा. स्टेट हाऊस म्हणजे आपल्या विधानसभेसारखं, म्हणजे आमदार. काँग्रेसचं हाऊस म्हणजे लोकसभेसारखं, खासदार, पण मुदत फक्त दोन वर्षं, म्हणजे माणूस निवडून आला की लगेच पुढच्या निवडणुकीच्या तयारीला. गव्हर्नर म्हटल्यावर मात्र आपले लोक राज्यपाल डोळ्यासमोर आणतात आणि तिथेच घोळ होतो, तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि राज्य तोच चालवतो, तेव्हा मुख्यमंत्री समजा. हे आधीच सांगितलं नाही तर २०१८ ची गोष्ट कोणाला कळणारच नाही, कारण एक केमिस्ट, कुठलंही पद न भूषवलेला, थेट मुख्यमंत्रीपदाला उभा राहतो हे किती धाडसाचं (किंवा कसलं म्हणायचं ते तुम्ही ठरवा) ते जाणवायला हवं. स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर घातले, टीव्हीवर जाहिराती, आणि तिसरे आले, साधारण १८ टक्के मतं. जिंकल्या ग्रेचेन व्हिटमर, त्याच पुढे गव्हर्नर झाल्या. पण डेट्रॉइट शहरात ठाणेदारांना चांगली मतं पडली होती. ते राहायचे ॲन आर्बरला, म्हणजे विद्यापीठवाल्या गावात. हरल्यावर डेट्रॉइटला राहायला गेले आणि तिथून २०२० ला आमदार झाले. ही हार नीट सांगितलीत की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून मी म्हणतो जिंकलेल्या निवडणुकीपेक्षा हरलेल्या निवडणुकीला जास्त वेळ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रायमरी. अर्धे वक्ते हे गाळतात आणि मग नोव्हेंबरचा, म्हणजे मुख्य निवडणुकीचा, आकडा सांगून मोकळे होतात. २०२२ ला नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना ७१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, ऐकणाऱ्याला वाटतं काय ही लाट. लाट वगैरे काही नाही, तो भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्लाच आहे, तिथे पक्षाचं तिकीट मिळालं की निम्मं काम झालं. खरी लढत ऑगस्टमध्ये झाली आणि त्यात नऊ उमेदवार होते, ठाणेदारांना मिळाली २८ टक्के आणि तेवढ्यात ते जिंकले कारण मिशिगनमध्ये प्रायमरीला पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरी नाही, ज्याला जास्त तो पुढे. आपल्याकडे तिकीट कोणाला ते पक्षाचे मोठे नेते ठरवतात, तिकडे ते मतदार ठरवतात, आणि मिशिगनमध्ये तर पक्षाचं सभासद असण्याचीही गरज नाही, त्या दिवशी जाऊन मतपत्रिकेवर कुठल्याही एकाच पक्षाचा रकाना भरायचा. हे सांगितलं की नगरसेवकाच्या तिकिटासाठी उन्हातान्हात फिरलेला एखादा कार्यकर्ता हॉलमध्ये असेल तर तो लगेच सावरून बसतो.

२०२४ चाही एक मस्त किस्सा आहे. २०२२ ला दुसरे आलेले ॲडम हॉलियर परत उतरले होते, पण प्रायमरीत नाव यायला मतदारांच्या १,००० वैध सह्या लागतात आणि हॉलियर यांच्या सह्या तपासणीत कमी भरल्या, नाव बाद. आपल्याकडे अर्ज छाननीत बाद होतो तसंच.

मतदारसंघाच्या नंबरावरून फसू नका. २०२२ च्या आधी मिशिगनच्या १३ व्या डिस्ट्रिक्टच्या खासदार रशीदा तलेब होत्या, मग ठाणेदारांनी त्यांना हरवलं का? नाही. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या जागा १४ वरून १३ झाल्या, नकाशे नव्याने आखले, तलेब १२ व्या डिस्ट्रिक्टमधून लढल्या आणि जिंकल्या. आपल्याकडेही हेच, २००८ च्या पुनर्रचनेनंतर कल्याणचा वेगळा लोकसभा मतदारसंघ झाला, ठाण्याचा आकार बदलला, आता ठाण्यात मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत सहा विधानसभा येतात. हे उदाहरण दिलंत तर नकाशा दाखवायचीही गरज पडत नाही, पण दाखवा, लोकांना नकाशे आवडतात. आणि आकारही सांगा, तिकडे एका डिस्ट्रिक्टची पूर्ण लोकसंख्या पावणेआठ लाख, आपल्या ठाणे लोकसभेला नुसते मतदारच पंचवीस लाखांच्या घरात.

अडचणीचे विषय टाळायचे नाहीत, फक्त तोल ठेवायचा. ठाणेदारांनी १९९१ ला सेंट लुईसची केमीर नावाची छोटी लॅब कर्ज काढून घेतली, वाढवली, मग २००८ च्या मंदीनंतर कर्ज थकलं, २०१० ला धंदा गेला, आणि त्याच सुमारास ॲन आर्बरला नवी लॅब काढून परत उभे राहिले, ती २०१६ ला विकली आणि त्यानंतर राजकारण. बंद पडलेल्या कंपनीच्या न्यू जर्सीतल्या लॅबमध्ये प्रयोगासाठीची बीगल कुत्री अडकली होती, तो विषय विरोधकांनी २०१८ ला काढला, ठाणेदारांचं म्हणणं की ताबा तेव्हा बँकेकडे होता. दोन्ही बाजू दोन वाक्यांत सांगायच्या आणि पुढे जायचं. तसंच डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीय शहर, आणि ठाणेदार आल्यावर जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा तिथून काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय खासदार राहिला नाही, तिकडच्या लोकांना हे लागलं होतं. आपला माणूस जिंकला म्हणून नुसत्या टाळ्या वाजवून घेतल्या तर हे निसटतं.

माहिती कुठून घ्यायची तर अमेरिकन काँग्रेसची स्वतःची चरित्रसूची ऑनलाइन आहे, तारखा तिथून. मतांचे आकडे राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्यातल्या निवडणुका बघणारं पद) साइटवरून. उमेदवाराने किती पैसे जमवले, किती स्वतःचे घातले हे एफईसीच्या (तिकडचा केंद्रीय निवडणूक आयोग) साइटवर कोणालाही दिसतं, फुकट, लॉगिन नको, आणि हे बघताना वेळ कसा जातो कळत नाही. व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही घेऊ नका, त्यातही ‘मराठी माणसाचा अमेरिकेत डंका’ असं सुरू होणारं तर मुळीच नाही.

भाषणाच्या दिवशी पहिली पाच मिनिटं महत्त्वाचं काही बोलू नका, घोडबंदर रोडवरून येणारे तोपर्यंत पोचत नाहीत. बेळगावचं, चिकोडीचं तेव्हा उरकून घ्या. प्रायमरीचा मुद्दा बरोबर मध्यात. चहा लागला असेल तर चहाच्या आधी.

प्रश्न ठरलेले असतात. हे राष्ट्राध्यक्ष होऊ शकतात का? नाही, त्यासाठी जन्माने अमेरिकन नागरिक असावं लागतं. काँग्रेसच्या हाऊससाठी मात्र वय २५ आणि नागरिकत्वाची सात वर्षं पुरतात, सिनेटला (काँग्रेसचं वरचं सभागृह) वय ३० आणि नऊ वर्षं. हे पहिले भारतीय का? नाही, दलीपसिंग सौंद १९५६ ला कॅलिफोर्नियातून निवडून आले होते, पुढच्या महिन्याला वक्ता मिळाला नाही तर तो विषय तयारच आहे. आणि ट्रम्पवर महाभियोग आणला तो हाच का? हो, एप्रिल २०२५ ला ठराव मांडला होता, पण मे महिन्यात मतदानाची वेळ आली तेव्हा स्वतःच थांबले. या प्रश्नावर हॉलमध्ये दोन तट पडतात, तुम्ही पाणी प्या, त्यांना भांडू द्या, अध्यक्ष आभार मानायला उठतीलच.