स्लॅबमधलं नाणं पुन्हा ग्रेडिंगला पाठवायचं असेल तर

आपल्या नाण्याला एक ग्रेड कमी मिळाली, असं जवळपास प्रत्येक संग्राहकाला कधी ना कधी वाटतं. आणि ते दर वेळी चुकीचं असतं असंही नाही. ग्रेड म्हणजे नाण्याच्या दर्जाबद्दल ग्रेडिंग कंपनीच्या दोन-तीन जाणकारांनी थोडक्या वेळात दिलेलं मत. ते लेबलावर लिहून नाणं प्लॅस्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये ठेवतात. १ ते ७० या मोजपट्टीवर एमएस-६४ आणि एमएस-६५ (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं) यांच्या सीमेवर बसलेलं नाणं आज इकडे पडेल, उद्या तिकडे. पुन्हा पाठवण्यात अर्थ असतो तो अशाच नाण्यांसाठी. तुमचं नाणं त्यातलं आहे का, हे घरबसल्या बऱ्यापैकी ठरवता येतं.

पहिलं काम म्हणजे लेबल झाका. कागदाची एक पट्टी पुरते. ६४ हा आकडा समोर असला की आपण ‘६५ का नाही’ याची कारणं शोधू लागतो, आणि शोधली की ती सापडतातच. लेबल झाकून स्वतःची ग्रेड वहीत लिहा, नाणं ठेवून द्या, काही दिवसांनी आधीचं न वाचता पुन्हा लिहा. दोन्ही वेळा लेबलापेक्षा वरचा आकडा आला तरच पुढे जायचं. मी प्रत्येक नाण्याला ही चाळणी लावते आणि माझी बरीचशी नाणी इथेच थांबतात.

बघायचं ते अंधाऱ्या खोलीत, एकाच टेबललॅम्पखाली. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात बारीक ओरखडे लपून जातात. स्लॅब हातात तिरका धरून सावकाश फिरवा. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे अखंड फिरताना दिसतात. हे पट्टे कुठे तुटतात, कुठे राखाडी होतात, तिथे थांबून बघा. सुरुवात नुसत्या डोळ्यांनी करायची. भिंग नंतर, तेही पाच ते सात पटींचं. दहा पटींच्या भिंगाखाली कुठलंही नाणं जखमी दिसतं, आणि ग्रेडर बहुतेक वेळ डोळ्यांनीच बघतात.

एक खाच दिसली तर ती नाण्यावर आहे की प्लॅस्टिकवर, हे आधी ठरवा. स्लॅब किंचित हलवल्यावर खाच नाण्यावरच्या अक्षरांच्या तुलनेत सरकली, तर ती प्लॅस्टिकवर आहे. ओरखडलेल्या स्लॅबमुळे चांगलं नाणं मंद दिसतं. तेवढंच दुखणं असेल, तर नुसता स्लॅब बदलून घेण्याची वेगळी, स्वस्त सेवा असते. नव्या स्लॅबमध्ये नाणं आपोआप खुलतं आणि पुन्हा ग्रेडिंगची गरजच उरत नाही.

आता खाच कुठे आहे ते बघा, कारण सगळ्या खाचा सारख्या नसतात. माझ्याकडे १८८१ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं चांदीचं नाणं; पुढे लिबर्टी देवीचं डोकं, मागे गरुड) आहे, एमएस-६४. मागच्या बाजूला माळेच्या गाठीखाली टांकसाळीचं चिन्ह, बारीक एस. या टांकसाळीची त्या वर्षांची नाणी ठसठशीत छापेसाठी आणि झळाळीसाठी ओळखली जातात, आणि हाही तसाच आहे: कानावरच्या केसांची बट न् बट सुटी दिसते. पण लिबर्टीच्या गालावर, नाकपुडीच्या रेषेत, एक तिरकी खाच आहे. मॉर्गनचा गाल मोठा, उंच आणि गुळगुळीत. नजर पहिली तिथेच जाते. तेवढीच खाच केसांत किंवा गरुडाच्या पंखांत असती तर कुणी विचारलं नसतं. या डॉलरला ६४ मिळाली त्याचं कारण मला दिसतं, म्हणून तो मी पाठवत नाही. कमी ग्रेडचं कारण तुम्हाला दाखवता येत असेल, तर ग्रेडरलाही ते दुसऱ्यांदा दिसणारच.

उलट प्रकार न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या मॉर्गन डॉलरांचा. तिथली छाप बऱ्याचदा कमजोर; कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट दिसते. ही झीज आहे की अर्धवट छाप, यावर एयू-५८ (किंचित झिजलेलं नाणं) आणि एमएस यांमधला सगळा फरक ठरतो. झिजलेल्या जागी उजेडाचा पट्टा तुटतो आणि रंग मळकट राखाडी होतो. नुसती छाप कमजोर असेल तर सपाट जागेवरूनही झळाळी सलग वाहते, आणि ठशाच्या दाबात न आलेल्या मूळ चकतीचे बारीक खड्डे तिथे राहिलेले असतात. एयू-५८ लिहिलेल्या स्लॅबमध्ये असं नाणं सापडलं, तर ते पाठवण्याजोगं आहे.

लेबल किती जुनं आहे तेही बघा. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही ग्रेडिंग कंपन्यांनी ‘प्लस’ ग्रेड २०१० मध्ये सुरू केली. त्याआधी स्लॅबमध्ये गेलेल्या वरच्या दर्जाच्या ६४ ला ६४ प्लस मिळण्याची सोयच नव्हती. अशी नाणी पुन्हा दाखवायला सबळ कारण असतं. मात्र १९८० च्या दशकातले अगदी सुरुवातीचे स्लॅब सांभाळून हाताळा. त्या जुन्या स्लॅबसाठीच जादा पैसे मोजणारे संग्राहक आहेत. तो एकदा उघडला की ते मोल गेलं.

पाठवण्याच्या वाटा तीन-चार आहेत. सगळ्यात सुरक्षित म्हणजे पीसीजीएसची रिकन्सिडरेशन: नाणं स्लॅबमध्येच तपासतात आणि ग्रेड वाढणार असेल तरच स्लॅब उघडतात. रीग्रेडमध्ये कंपनी स्वतः नाणं बाहेर काढून नव्याने बघते, म्हणून निकाल खालीही येऊ शकतो. कंपनी ग्रेडची जी हमी देते तिच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच अर्ज भरा. क्रॉसओव्हर म्हणजे एका कंपनीच्या स्लॅबमधून दुसरीच्या स्लॅबमध्ये. इथे अर्जावर किमान ग्रेड लिहिता येते आणि तेवढी मिळत नसेल तर नाणं जुन्या स्लॅबमध्येच परत येतं. तो रकाना रिकामा सोडू नका.

या सगळ्याआधी एक पायरी मला फार मोलाची वाटते, ती सीएसीच्या स्टिकरची. २००७ मध्ये सुरू झालेली ही संस्था पीसीजीएस आणि एनजीसी यांच्या स्लॅबमधली नाणी तपासते. हिरवा स्टिकर म्हणजे नाणं त्या ग्रेडमध्ये पक्कं. सोनेरी म्हणजे वरच्या ग्रेडलाही शोभेल असं. हिरवाही मिळाला नाही तर ग्रेड वाढण्याची आशा मी सोडते. सोनेरी मिळाला तर नाणं तसंच ठेवते, कारण खरेदीदार त्या स्टिकरची किंमत देतातच.

चौथी वाट स्वतः स्लॅब फोडण्याची. ती अगदी शेवटी, कारण स्लॅब फुटला की जुनी ग्रेड आणि तिची हमी दोन्ही संपतात; नाणं ‘डिटेल्स’ म्हणूनही, म्हणजे आकडी ग्रेडऐवजी दोषाची नोंद घेऊन, परत येऊ शकतं. फोडायचाच असेल तर आधी दोन्ही बाजूंचे आणि लेबलाचे फोटो काढा. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा, स्लॅब जाड टॉवेलात गुंडाळा आणि नाण्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर कटरने दाब द्या. कड सुटली की दोन भाग हाताने वेगळे होतात. हातोडी नको. नाणं कडेने धरा आणि पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा.

बाहेर काढलेलं नाणं ‘जरा उजळून’ पाठवण्याचा मोह तर मुळीच नको. पुसल्याने केसासारखे ओरखडे उमटतात, आणि आम्लाच्या द्रावणात बुडवल्यावर डागाबरोबर धातूचा वरचा थरही जातो. झळाळी त्या थरातच असते. गेली ती कुणालाही परत आणता येत नाही.

आता हिशेब, आणि तो कागदावरच करा. समजा आजची किंमत १००, वरच्या ग्रेडची १६०, खालच्या ग्रेडची ७०. शुल्क, टपाल आणि विमा मिळून खर्च २०. ग्रेड वाढण्याची शक्यता दहात तीन, घटण्याची दहात एक. वाढीचे सरासरी १८, घटीचे वजा ३, खर्च वजा २०: पाच तोटा. शक्यता दहात चार धरली तरी जेमतेम एक उरतो. म्हणून किमती बघताना लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या किमती घ्या, यादीतल्या नव्हे. माझ्या १८८१ च्या डॉलरची खाच नसती, तरी या हिशेबात तो बसला नसता; त्या वर्षाचे ६५ भरपूर मिळतात. जिथे एका पायरीवर किंमत दुप्पट-तिप्पट होते, तिथेच हा खटाटोप परवडतो.

निकाल तोच आला तर कारण शोधत बसण्याआधी लेबल झाकून नाणं पुन्हा एकदा बघा. तेच नाणं वरचेवर पाठवत राहिलात तर प्रत्येक फेरीचा खर्च त्याच्या किमतीतूनच जातो. एका फेरीनंतर मी थांबते. आणि स्लॅब फोडला असेल तर जुनं लेबल त्या कंपनीला परत पाठवा. ते परत गेलं नाही तर एकच नाणं कंपनीच्या संख्या-अहवालात (कुठल्या ग्रेडची किती नाणी तपासली त्या यादीत) दोनदा मोजलं जातं, आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून पुढचा कुणीतरी खरेदी करत असतो.