साडेतीनशेवरून साडेसहाशेवर: लांबच्या प्रवासासाठी मोठी क्रूझर घेताना

रॉयल एनफील्डच्या मीटिओर 350 या क्रूझरचं वजन 191 किलो, तिच्या थोरल्या बहिणीचं, सुपर मीटिओर 650 चं 241. फरक 50 किलोचा, म्हणजे सिमेंटची अख्खी एक गोणी. नाशिकहून निघून पिंपळगाव बसवंत ओलांडून रस्ता मोकळा मिळाला की ही गोणी जाणवतही नाही. जाणवते ती नाशिकच्याच द्वारका चौकाच्या कोंडीत, सोसायटीच्या उतारावर, भिंतीकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना. मोठी क्रूझर पळताना जड नसते, थांबताना जड असते. म्हणून गाडी निवडण्यापासून पहिल्या मोठ्या सफरीपर्यंतचा सगळा हिशेब वजनापासून मांडायचा, सीसीपासून नाही.

आधी गरज तपासा

त्र्यंबक, वणी, शिर्डी, फार तर सापुतारा, तेही बहुतेक वेळा एकट्यानं, असं फिरणं असेल तर 350 पुरेशी आहे. तिची दमछाक होते ती डबलसीट आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना, चढावर ट्रेलरला ओव्हरटेक करताना. 350 कडे 20 च्या आसपास अश्वशक्ती आहे, 650 कडे 46 च्या आसपास. हा फरक जास्त वेगासाठी वापरायचा नसतो. 90 च्या वेगात इंजिन निवांत राहतं आणि ओव्हरटेकला हाताशी ताकद उरते, त्यासाठी तो असतो. वर्षातून चार-पाच वेळा तरी दिवसाला 350-400 किलोमीटर होणार असतील, तर मोठी गाडी घेण्यात अर्थ आहे.

पैशाचं गणित शोरूमच्या किमतीवर संपत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्यांवर 40 टक्के. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2022 साली ठरलेल्या दरांनुसार 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये आणि 350 च्या वर 15,117 रुपये, जीएसटी वेगळा. टायर रुंद असल्यानं महाग पडतात, चेन आणि स्प्रॉकेटचा (तिच्या दातेरी चाकांचा) संचही. शिवाय हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि बॅगा. गाडी घेऊन खिसा रिकामा होणार असेल तर सहा महिने थांबा, कारण या सामानाशिवाय लांब जायचं नाही.

शोरूममध्ये काय करून पाहायचं

क्रूझरची सीट खाली असते. सुपर मीटिओरची 740 मिलिमीटर, तर 350 ची 765. दोन्ही पाय सपाट टेकतात आणि वाटतं, सोपी आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. खाली उतरा, इंजिन बंद ठेवा आणि गाडी हातानं दहा पावलं मागे ढकला. मग किंचित चढ असलेल्या जागी तेच करा. साईड स्टँडवरून सरळ करताना कमरेला झटका बसला तर ही गाडी रोज बाहेर काढणं जिवावर येईल.

यानंतर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. बाहेरच्या बाजूचा हात पोहोचायला खांदा पुढे ओढावा लागत असेल तर यू-टर्नला त्रास होणार. उंची कमी असलेल्यांना हा प्रश्न पाय टेकण्यापेक्षा जास्त छळतो. मग बसून राहा, निदान वीस मिनिटं. फुटरेस्ट पुढे असल्यामुळे अंगाचा भार मांड्यांवर न येता माकडहाडावर येतो, आणि खड्डा आला तर उभं राहून तो गुडघ्यांवर घेता येत नाही. कमरेचं जुनं दुखणं असेल तर फुटरेस्ट मधोमध असलेली गाडी पाहा. तिला क्रूझर म्हणा किंवा म्हणू नका. आणि मागे जे बसणार आहेत त्यांना सोबत न्या. क्रूझरची मागची सीट बहुतेकदा अरुंद असते, पाठीला टेकू नसतो. सव्वाशे किलोमीटरनंतर तक्रार तिथून येते.

जुनी घेत असाल तर आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30. गाडी एमएच-15 ची, म्हणजे नाशिकची, नसेल तर तिथल्या आरटीओची एनओसीही. पुढचा शॉकअप दाबून सोडा आणि नळीवर तेलाचा ओघळ येतो का पाहा. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकले असतील तर पूर्ण संच बदलायचा खर्च धरा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 1822 म्हणजे 2022 सालचा 18 वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर रबर कडक झाल्यानं पावसात धरत नाही.

पहिले 500 किलोमीटर गावातच

नवी गाडी घेऊन थेट लांब जाऊ नका. रनिंग-इनमध्ये (नवं इंजिन रुळण्याच्या काळात) एकाच वेगानं तासभर चालवणं इंजिनाला चांगलं नसतं, वेग वरखाली होत राहिला पाहिजे; ते काम शहरातले आणि गंगापूर धरणाकडचे रस्ते छान करतात. पहिली सर्व्हिसिंग झाली, तेल बदललं, सगळे बोल्ट तपासले गेले की मग बाहेर पडा. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं आणि जासो एमए2 (दुचाकीच्या तेलाचं मानक) लिहिलेलंच घाला. कारच्या तेलातले घर्षण कमी करणारे घटक ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला चालत नाहीत, क्लच घसरायला लागतो.

या काळात एक सराव मनापासून करा. सकाळी लवकर एखादं मोकळं मैदान किंवा रिकामा पार्किंग लॉट गाठा. सहा-सहा मीटरवर चार दगड ठेवा. पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच धरा, अॅक्सिलरेटर थोडा आणि एकसारखा, वेग आवरायला फक्त मागचा ब्रेक हलका. दगडांमधून नागमोडी, मग इंग्रजी आठच्या आकारात, मग दोन्ही बाजूंना यू-टर्न. नजर जिथे जायचं तिथे. पुढच्या चाकाकडे पाहिलं की गाडी तिथेच पडते. सुपर मीटिओरचा व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) 1500 मिलिमीटर आहे, 350 पेक्षा 100 नं जास्त, त्यामुळे ती वळायला जागा मागते. रस्ता किती रुंद असला की आपण एका दमात वळतो, हे मैदानातच कळायला हवं.

बहुतेक मोठ्या गाड्या आडव्या होतात त्या एकाच चुकीमुळे: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला जातो. वेग चार-पाचचा असतो, कुणी आडवं येतं, सवयीनं उजवा हात आवळला जातो. पुढचा शॉकअप खाली बसतो, वजन वळलेल्या बाजूला कलतं आणि 241 किलो एका पायावर येतात. लहान गाडी पायानं सावरते, ही सावरत नाही. म्हणून हळू वेगात, हँडल वळलेलं असेल तेव्हा उजव्या हाताची बोटं ब्रेकवर ठेवायचीच नाहीत. आणि एका मर्यादेपलीकडे कलली तर पाय अडकवून थांबवायचा प्रयत्न सोडा, बाजूला व्हा. क्रॅश गार्ड बदलता येतो, गुडघा नाही.

पडलेली गाडी उचलण्याची रीत आहे. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि चावी बंद करा, पेट्रोल गळतंय का पाहा. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आत्ताच बाहेर काढा आणि पहिला गिअर टाका. चाकाचं तोंड जमिनीकडे येईल असं हँडल पूर्ण वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. गाडीकडे पाठ करा, कुल्ले सीटच्या कडेला टेकवा, एका हातात ती मूठ, दुसऱ्या हातात मागचा ग्रॅब रेल किंवा फ्रेमचा पक्का भाग. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. डावीकडे पडली असेल तर स्टँड आधी काढता येत नाही, तेव्हा सरळ झाल्यावर पलीकडे जाणार नाही याची काळजी घ्या. जमीन निसरडी असेल तर माणूस बोलवा.

सामान आणि जुळवणी

क्रूझरचं पोट जमिनीला जवळ असतं. सुपर मीटिओरचं अंतर 135 मिलिमीटर, 350 चं 170. डबलसीट आणि बॅगा झाल्या की ते आणखी घटतं आणि गावोगावचे उंच स्पीडब्रेकर खालून घासतात. उपाय एकच: मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) हुक पान्यानं वाढवायचा, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि परत आल्यावर कमी करायचा. हवा थंड टायरमध्ये, मॅन्युअलमधल्या डबलसीटच्या आकड्याप्रमाणे.

जड वस्तू (पाना-पेटी, पाणी, कुलूप) खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे. टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट, जॅकेट असं हलकं. आसाच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हायवेवर वाऱ्याच्या झोतात हँडल डुलायला लागतं. पुष्कळदा लोक अशा वेळी टायर नाहीतर बेअरिंग बदलत बसतात, दोष बॅगेचा असतो. दोन बॅगांच्या वजनात किलो-दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. घरच्या वजनकाट्यावर तोलूनच बांधा.

क्रूझरवर आपण छाती पुढे करून बसतो, त्यामुळे 90 नंतर वारा हातांना मागे खेचतो. विंडस्क्रीन लावा, पण तिची वरची कड हनुवटी ते नाक एवढ्याच उंचीवर हवी. तिच्यावरून दिसलं पाहिजे, तिच्यातून नाही. पावसात, धुळीत आरपार काही दिसत नाही. कड कपाळाशी आली तर भोवरा हेल्मेटवर आदळतो आणि तासाभरात मान धरते.

रस्त्यावर

नागपूरच्या दिशेला जायचं म्हणून समृद्धी महामार्ग धरू नका, तिथे दुचाकींना बंदी आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही. सिन्नर-संगमनेरमार्गे पुणे, चांदवड-मालेगावमार्गे धुळे आणि पुढे इंदूर, येवला-वैजापूरमार्गे छत्रपती संभाजीनगर हेच आपले रस्ते.

कसारा घाट उतरताना गिअर आधी कमी करा, तिसरा किंवा दुसरा, आणि वेग इंजिनावर धरा. मागचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि नेमका गरजेच्या वळणावर पेडल स्पंजासारखं लागतं. क्रूझर फार झुकवता येत नाही, फुटरेस्ट आधी घासतो. घासण्याचा आवाज आला तर दचकून ब्रेक मारू नका. पुढच्या वळणात वेग आधी कमी करा आणि अंग थोडं आतल्या बाजूला न्या. पावसाळ्यात इगतपुरीपासून खाली धुकं असेल तर थांबा. चहाची टपरी जवळच असते.

पिंपळगाव, चांदवड, उमराणे या पट्ट्यात बाजार समित्यांचे कांद्याचे ट्रॅक्टर असतात. संध्याकाळी ट्रॉलीला मागे दिवा नसतो, चुकीच्या बाजूनंही येतात. 90 च्या वेगात सेकंदाला 25 मीटर जातात; ट्रॉली दिसून मेंदूला कळेपर्यंत तेवढे गेलेले असतात. टोमॅटोच्या हंगामात चेचलेला माल डांबरावर तेलासारखा घसरतो. हा पट्टा उजेडी पार करा आणि तिथे 60 च्या वर जाऊ नका.

सुपर मीटिओरची पेट्रोलची टाकी 15.7 लिटरची. लिटरला 23-24 धरले तरी 350 किलोमीटर होतात, पण 230-250 ला भरून टाका. त्यानिमित्तानं उतरणं होतं. दर सव्वा तासाला थांबून दहा मिनिटं चाला.

सोबत एवढं हवं: ट्यूबलेस पंक्चरची किट, छोटा कॉम्प्रेसर, गाडीच्या मापाचे पाने आणि अॅलन की, फ्यूज, क्लचची लिव्हर, इन्सुलेशन टेप, चेन स्प्रे. तारांच्या स्पोकची चाकं बहुतेक ट्यूबची असतात; तिथे ही किट चालत नाही, चाकच काढावं लागतं.

पहिली सफर सापुतारा, जाऊन-येऊन 160 किलोमीटर. दुसरी संभाजीनगर, एक रात्र. ती दोन्ही नीट झाली की इंदूर, साधारण 400 किलोमीटर एका दिशेला, डबलसीट आणि पूर्ण सामानासह.

मुक्कामाला पोचल्यावर जेवणाआधी चेन पाहा. ती तेव्हा कोमट असते, तेल नीट मुरतं. दर 500 किलोमीटरला, पावसात रोज. रॉकेलनं आणि मऊ ब्रशनं पुसा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चेनमधल्या ओ-रिंग (रबरी कड्या) खराब करतात. मग स्प्रे किंवा 90 नंबरचं ऑइल आतल्या बाजूनं. मेन स्टँड नसेल तर गाडी थोडी थोडी पुढे ढकलत एकेक टप्पा करा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत कधीही पुसायचं नाही, फडकं ओढलं जातं आणि बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. पुसून झालं की चेनचा ढिलेपणा मॅन्युअलच्या मापाशी ताडा, तोही तीन-चार ठिकाणी, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. जिथे सर्वात घट्ट लागते तिथलं माप खरं धरा.